श्रावणाचा महिना कुणाचा

इम्पीरियल मोगरा, फेज दोन,
वाघोलीच्या पुढे, पुणे
१२ जून २०२४

सौ. सोनाबाई,

महादेवाच्या कृपेने सुखरूप पोचलो आणि कामावर रुजूही झालो. फोन करत नाही म्हणून राग धरू नकोस. आपल्या आणि गुरूच्या घरात एकच भिंत आहे. इकडून मी "जेवलीस का" विचारलं तर गुरूची बायकोच तिकडून "जेवले" म्हणायची. चुलतभाऊ असला तरी माझ्या नोकरीचं बरंवाईट त्याच्या कानावर जायला नको. पत्र बरं. पोस्टमन पाकीट फोडत नाही.

काम तेच आहे, मैंदर्गीत जे बापजाद्यांपासून करत आलो ते. पहाटे देव धुवायचे, फुलं वाहायची, सकाळ-संध्याकाळ आरती. फरक एवढाच की तिथे गुरव म्हणतात, इथे टेंपल एक्झिक्युटिव्ह. ज्या कंपनीने मला ठेवलंय तीच कंपनी इथले वॉचमन आणि झाडूवाले पुरवते. मला दोन धोतरं दिली आहेत, काठावर कंपनीचं नाव आहे. गळ्यात फोटोचं कार्ड सतत हवं. आरती ओवाळताना ते ज्योतीवर येतं म्हणून मी पाठीवर टाकतो.

देऊळ स्वच्छ आहे, संगमरवरी. एका बाजूला व्यायामशाळा, दुसऱ्या बाजूला पोहण्याचा तलाव. त्यामुळे दर्शनाला येणारी माणसं एक तर घामाघूम असतात नाही तर ओली. मधे कोणता देव बसवायचा यावर इथल्या लोकांनी मोबाईलवर मतदान केलं होतं. गणपती निवडून आला. बालाजी थोडक्यात पडला. आपला महादेव चौथा आला, तो खिडकीकडच्या कोनाड्यात आहे. पण आहे.

राहायला क्वार्टर दिली आहे, हवेशीर आहे. ऋतुजाला सांग, नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर सोडायचा विषय पुन्हा काढायचा नाही. त्याच्यासाठीच तर मी इथे आलो.

शिवप्पा


मैंदर्गी
२१ जून

ऋतुजाच्या बाबांना नमस्कार.

पत्र पोचलं. गळ्यात पट्टा घातलेला पुजारी मी डोळ्यांपुढे आणून बघितला. मानसिंग डॉक्टरांच्या कुत्र्याच्या गळ्यात तसाच असतो. रागावू नका, पहिल्यांदा हसू आलं, मग वाईट वाटलं, मग पुन्हा हसू आलं.

इथे सगळं ठीक. ऋतुजा सोमवारी सोलापूरला हॉस्टेलवर गेली. जाताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली आहे.

भिंतीपलीकडून रोज चौकशी असते. कालच गुरूभावजी दारात येऊन म्हणाले, "वैनी, दादा श्रावणात येतोय न्हवं?" मी म्हटलं, "येत्यात की. देवाचा म्हैना सोडत्यात व्हय?" तर म्हणाले, "न्हाय, आपलं इचारलं. पुण्याची नोकरी म्हंजे लई मोठी."

त्यांचं विचारणं मला कळतं. वर्षाचे महिने दोन घरांत वाटलेले आहेत आणि त्यात श्रावण आपला. ज्या घराचं माणूस पहिल्या दिवशी दिवा लावायला उभं नसेल त्याचा महिना दुसऱ्या घराला जातो, आणि गेलेला परत येत नाही. मामंजी तापाने फणफणले होते तेव्हा त्यांना खाटेवरून उचलून देवळात नेलं होतं, हे तुम्हीच मला लग्नानंतर पहिल्या श्रावणात सांगितलं. यंदा श्रावण पाच ऑगस्टला लागतो, सोमवारीच. रजेचं आताच बोलून ठेवा.

क्वार्टर हवेशीर आहे म्हणजे दार नाही का?

सोनाबाई


इम्पीरियल मोगरा, पुणे
४ जुलै

सौ. सोनाबाई,

दार आहे. तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस.

रजेचं बोललो. इथले सेक्रेटरी अनिलकुमार साहेब, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, भला माणूस. म्हणाले, "शिवप्पाजी, देवाच्या कामाला मी नाही म्हणणारच नाही. फक्त ॲपवर टाका." वॉचमनच्या मुलाकडून ॲपवर टाकून घेतलं. तेव्हा काळजी नको.

इथल्या रीती वेगळ्या आहेत, पण वाईट म्हणता येणार नाहीत. घंटेच्या लोलकाला रबर बसवलंय, कारण दुसऱ्या मजल्यावरचे साहेब रात्रपाळी करून सकाळी झोपतात. महादेवाला अभिषेक बंद आहे. देवळाच्या खाली गाड्यांचा तळ आहे, पाणी झिरपून एका गाडीवर डाग पडला. म्हणून कमिटीने स्प्रेची बाटली दिली. दोनदा दाबलं की पिंड ओली होते. पाणीही वाचतं.

लोक देवळाला मोबाईलवर तारे देतात. एका बाईंनी तीनच दिले. मी नम्रपणे कारण विचारलं. म्हणाल्या, "गर्दी नसली की इथे फार एकटं वाटतं, आणि असली की गर्दी वाटते."

हजेरीला दारात एक यंत्र आहे, त्याच्यापुढे तोंड दाखवायचं. पहिल्या दिवशी मी गाडीतून उतरून तसाच आलो होतो, तेव्हा त्याने माझा फोटो घेतला. आता रोज स्नान करून कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढून गेलो की त्यातली बाई इंग्रजीत म्हणते, ओळख पटली नाही. मी फार मनावर घेत नाही. ज्याने ओळखायचं तो आत बसलेला आहे.

शिवप्पा


मैंदर्गी
१४ जुलै

ऋतुजाच्या बाबांना नमस्कार.

स्प्रेची बाटली म्हणजे चौकातला सलमान गिऱ्हाइकाच्या डोक्यावर मारतो तसली का? महादेवाची कटिंग केली का मग?

बरं, आता हसणं राहू द्या. तुम्ही म्हणता भिंत एकच आहे, पण ती दोन्हीकडून एकच आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही. परवा गुरूभावजी बायकोला सांगत होते, "दादा येत न्हाय बघ. पुन्याला गेल्याला मानूस नुसता फोटू पाठवतो. अण्णांच्या कानावर घालून ठिवलंय." अण्णा म्हणजे आपले ईश्वरप्पा अण्णाच, देवळाचे पंच. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला वाटेत थांबवून विचारलं, "अव्वा, शिवप्पाचं नक्की काय हाय?" मी नक्की आहे म्हटलं. घरी येईपर्यंत मलाच नक्की वाटेना.

गैबीसाबांचं ऐका. त्यांच्या बांधावरचा बेल श्रावणभर आपल्या दारात येतो, त्यांच्या आजोबांपासून. ते काल येऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "भाभी, वाईट वाटून घिऊ नका, पर यंदा बेल कुनाच्या दारात टाकायचा?"

मी म्हटलं, "रोज टाकता त्याच दारात." ते बरं म्हणाले, पण गुरूभावजींच्या दाराकडे बघत बघत गेले.

लोक असं विचारायला लागले की महिना अर्धा गेल्यासारखाच असतो. रजा मिळाली असं स्पष्ट दोन शब्दांत लिहा. एक दिवस या. दिवा लावा, हवं तर संध्याकाळच्या गाडीने परत जा.

सोनाबाई


इम्पीरियल मोगरा, पुणे
२७ जुलै

सौ. सोनाबाई,

हे पत्र शांतपणे वाच. दोनदा वाच.

रजा नामंजूर झाली. कारण असं की यंत्राच्या मते मी रुजू झाल्यापासून फक्त एकदा कामावर आलो आहे. कोणत्या दिवशी ते मी आठवून पाहिलं. त्या दिवशी माझ्याकडचं भस्म संपलं होतं. बाकी सगळे दिवस मी गैरहजर. आणि जो आलाच नाही त्याला रजा द्यायची कशी, असं ॲप म्हणतं.

अनिलकुमार साहेबांकडे गेलो. ते रोज सकाळी माझ्या हातून तीर्थ घेतात. म्हटलं, "साहेब, तुम्ही तर मला रोज बघता." ते कळवळून म्हणाले, "शिवप्पाजी, मी बघतोच हो! पण मी बघून काय उपयोग? सिस्टीमने बघायला पाहिजे."

मग त्यांनीच मार्ग काढला. सकाळी कोऱ्या कपाळाने यंत्रापुढे जायचं, त्याचं समाधान झालं की मागे जाऊन भस्म लावायचं. मी ते मान्य केलं. माझा समजूतदारपणा बघून त्यांनी कंपनीला कळवलं, आणि आता मला आजूबाजूच्या आणखी दोन सोसायट्यांच्या देवळांवर नेमायचं घाटतंय. पदाचं नाव क्लस्टर हेड. माझ्या हाताखाली दोन पुजारी असतील. अट एकच, ऑगस्टमध्ये हलायचं नाही, कारण सणांचे दिवस.

मी पुष्कळ विचार केला. देव सगळीकडे एकच आहे. मैंदर्गीच्या पिंडीत आहे तो इथल्या कोनाड्यात नाही असं म्हणणं म्हणजे अज्ञान. गुरू काही परका नाही. तेव्हा यंदाचा श्रावण आपणहून, सन्मानाने त्याला द्यावा असं मी ठरवलं आहे. गेला तर गेला. गाभाऱ्याची किल्ली त्याच्याकडे दे आणि दादांनी आशीर्वाद सांगितलाय म्हण. तू बाईमाणूस, त्या पंचांपुढे कुठे उभी राहशील? तुझी ओढाताण मला बघवत नाही.

शिवप्पा


मैंदर्गी
६ ऑगस्ट

ऋतुजाच्या बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी आलं. तुम्ही सांगितलं तसं दोनदा वाचलं. किल्ली दिली नाही.

सोमवारी पहाटेच आंघोळ करून, ओल्या केसांनीच देवळात गेले. गुरूभावजी सोवळं नेसून, ताटात दिवा घेऊन माझ्याआधीच पायरीवर उभे. ईश्वरप्पा अण्णा काठी टेकून बसलेले. सोमवार म्हणून माणसं लई होती. गैबीसाब बेलाची पाटी घेऊन मधोमध उभे, ना इकडे ना तिकडे.

गुरूभावजी म्हणाले, "वैनी, किल्ली."

"कशापायी?"

"दादा न्हाय. घरचा मानूस उभा न्हाय तर म्हैना आमच्याकडं येतो. रिवाजच हाय की."

"मग मी कोन हाय? भाडोत्री?"

मागे कुणीतरी खिदळलं. अण्णा म्हणाले, "अव्वा, तसं न्हवं. घरचा मानूस म्हंजे बाप्या मानूस."

"असं कुनी सांगितलंय?"

"सांगितलं न्हाय कुनी. समजूनच घेतल्यालं हाय."

तेव्हा गैबीसाबांनी पाटी खाली ठेवली. म्हणाले, "अण्णा, मी आपला बेलवाला, मला मधी पडायचा हक न्हाय. पर रेशनकार्डावर आता घरची मुख्य बाईच असती की. सरकारला चालतंय. मग ह्यांच्या महादेवाचं काय धान्य कमी पडतंय?"

लोक मोठ्याने हसले. अण्णासुद्धा हसले आणि मग आपण हसलो म्हणून रागावले. गुरूभावजींनी दुसरी बाजू धरली. "त्ये खरं, पर म्हैनाभर रोज गाभाऱ्यात... बाईमानसाचं म्हंजे... मधी चार दिस..." आणि पुढे त्यांना बोलता येईना. अण्णा आढ्याकडे बघायला लागले. तुम्ही बाप्ये देवळाच्या पायरीवर बसून जगाची लफडी बोलता आणि एवढं विचारताना घाम फुटतो.

मी म्हटलं, "नीट इचारा की भावजी. त्ये सगळं सपून दोन वर्सं झाली. आन् सपलं नसतं तरी त्ये महादेवानं मला इचारायचं, तुमी न्हाय."

मग गुरूभावजींनी शेवटचा डाव टाकला. म्हणाले, "बरं. लावू द्या वैनीला. पर अण्णा, मग हे बी ठरवा. जो पैल्या दिवशी दिवा लावंल त्यानंच म्हैना सपवायचा. मधी बदली न्हाय. रोज पाटंचं उठायचं, खंड पडला की म्हैना आमचा. सोसंल का?"

त्यांना वाटलं मी दोन दिवसांत थकेन. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी कुलूप उघडलं.

तुमच्या देवळाचा दिवा लागलेला आहे. म्हणजे आपल्या देवळाचा.

दादांचा आशीर्वाद गुरूभावजींना सांगितला नाही. तो तुमच्याकडेच असू द्या.

सोनाबाई


इम्पीरियल मोगरा, पुणे
११ ऑगस्ट

सोनाबाई,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. नवऱ्याने स्पष्ट लिहिलेलं असताना चार माणसांत तू असं बोललीस. रागाच्या भरात उत्तर लिहिलं आणि फाडलं. आता खरं ते लिहितो.

क्वार्टरला दार नाही. तू बरोबर ओळखलंस. जनरेटरच्या खोलीला लागून एक पत्र्याची शेड आहे, तिथे चार वॉचमनबरोबर मी झोपतो. जनरेटर सुरू झाला की माझ्या अंगाखालची फळी सुद्धा नामस्मरण करते.

तू ज्या सोमवारी कुलूप उघडत होतीस त्या सोमवारी मी कोरं कपाळ घेऊन यंत्रापुढे उभा होतो. त्या बाईने लगेच मला नावाने हाक मारून स्वागत केलं. मला लाज वाटली. तशीच ती दिवसभर अंगाला चिकटून राहिली. त्या दिवशी इथे महादेवापुढे रांग होती. एकेक जण येई, स्प्रे दोनदा दाबी, फोटो काढी, जाई. सगळं शिस्तीत चाललं होतं.

मग सी विंगमधली एक म्हातारी आली. टेंभुर्णीकडची आहे, मुलाकडे राहते. पदराखाली तांब्या झाकून आणला होता. कुणी बघत नाही असं बघून मला म्हणाली, "पुजारी, श्रावणी सोमवार हाय. म्या वतू का वाईच?"

मी सांगायला पाहिजे होतं की पाण्याला परवानगी नाही. मी म्हटलं, "वता आई." तिने तांब्या ओतला आणि हात जोडून रडायलाच लागली. मागच्या माणसाने विचारलं, "पाणी अलाउड झालं का?" आणि मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. फरशी पुसायची बादली शेजारी होती, तिला हात लावला नाही, मी पूजेची कळशी नळाखाली धरली आणि भरून भरून ओतत राहिलो. तोंडाने रुद्र म्हणत होतो. रांगेतले लोकही पुढे झाले. व्यायामशाळेतली पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन आली.

पाणी खाली गेलं. खाली अनिलकुमार साहेबांची नवी गाडी होती.

मला काढून टाकलं आहे. कागदावर कारण "पाणीगळती" असं आहे. साहेबांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "शिवप्पाजी, माणूस म्हणून मी तुमच्या बाजूचा आहे. पण मी कमिटी म्हणून बोलतोय." नवा पुजारी येईपर्यंत थांबायला सांगितलंय, तो २४ तारखेला येणार आहे. त्याला स्प्रे दाखवून मी निघतो.

तू फार केलंस. आता तुला दगदग नको. मी आलो की लगेच गाभाऱ्यात उभा राहतो, उरलेला श्रावण मी बघतो. तू घर बघ.

शिवप्पा


मैंदर्गी
१७ ऑगस्ट

ऋतुजाच्या बाबांना नमस्कार.

कळशी ओतलीत हे वाचून मी पत्र तिथेच ठेवलं आणि देवाला हात जोडले. नोकरी गेली ते जाऊ द्या. ऋतुजाच्या मैत्रिणीचे वडील सोलापुरात एका देवळाचं काम बघतात, तिथे पुजारी हवा आहे. यंत्र नाही असं मी आधी विचारून घेतलंय. घरून जाऊन-येऊन करता येईल. ऋतुजाने बापासाठी नोकरी शोधली, तेव्हा तिच्या शिक्षणाचा घोर तुम्ही एकट्याने वाहायचा सोडा.

आता श्रावणाचं. तुम्ही या, पण गाभाऱ्यात उभं राहायचं मनातून काढा. मधे बदली नाही असं ठरलंय आणि ते ठरवणारे गुरूभावजी रोज पहाटे माझ्याआधी उठून पायरीवर बसतात, मी चुकते का बघायला. चुकले नाही. काल त्यांनाच पेंग आली होती, मी तीर्थ दिलं तर दचकून उठले. म्हणाले, "वैनी, आता मलाच सवय लागली बगा पाटंची." तुम्ही आलात की रांगेत उभे राहा. गैबीसाब तुम्हाला बेल देतील, तो आणून माझ्या हातात द्या.

एक लिहायचं होतं आणि लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लग्न करून आल्यापासून मी समया घासल्या, चंदन उगाळलं, हार ओवले, तुमचं सोवळं वाळवलं. सगळं उंबऱ्याबाहेरून. देव मी रोज बघितला, पण तुमच्या खांद्यावरून. आत उभं राहून दार उघडलं की समोर लोकांचे चेहरे येतात, आणि देव दिसायच्या आधीच्या त्या घटकेला सगळे, अगदी ईश्वरप्पा अण्णासुद्धा, लहान पोरासारखे दिसतात. हे तुम्ही मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत. तुम्हाला दिसलं नाही की सांगावंसं वाटलं नाही, ते आल्यावर सांगा.

पहिल्या दिवशी वात लावायला मला तीन काड्या लागल्या. आता एकच लागते.

अण्णा म्हणाले, एवढा महिना पुरा केलात की तो तुमच्याच घराचा, पुढच्या श्रावणात घरातल्या कुणी उभं राहायचं ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही घरधनी आहात. तुम्ही मागितलात तर मी देईन.

म्हणून मागू नका.

सोनाबाई